क्लचवरचा पाय

नत्थुजी गाडीखालून सरकत बाहेर आला आणि त्यानं दोन लोखंडी तुकडे इंदूबाईच्या हातात ठेवले. एक तळव्याएवढा, दुसरा त्याहून लहान. तुटलेली कड आतून करडी होती, ताज्या फोडलेल्या ढेकळासारखी.

"हा ब्रॅकेट इंजिन धरून ठेवते, वहिनी. झटक्यानं गेला."

झटका कुणाचा, हे त्यानं विचारलं नाही. भातकुलीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. काल बाजाराच्या दिवशी, भर चौकात, इंदूबाईचा पाय क्लचवरून निसटला. गाडीनं बुजल्या बैलासारखी उडी मारली, आत काहीतरी कडाडलं आणि इंजिन एका कुशीवर कललं. वांग्यांच्या ढिगाआडून कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. शेजारी बसून तिला महिनाभर गाडी शिकवणारी चंदा तेवढी हसली नाही. दोघींनी गाडी ढकलत नत्थुजीच्या गॅरेजात आणली.

गाडी डोमाजीची, म्हणजे इंदूबाईच्या नवऱ्याची. एसटीतला ड्रायव्हर, निवृत्त झाल्यावर त्यानं ती जुनीच विकत घेतली होती. पुढं एका डोळ्यावर पडदा आला, मग दुसऱ्यावर. लायसन पुन्हा निघालं नाही. गाडी लिंबाखाली उभी राहिली. टपावर लिंबोळ्या पडल्या, वाळल्या, पुन्हा पडल्या. एक दिवस इंदूबाईनं टपावरचा पाला झाडला आणि शिकाऊ लायसन काढून आणलं. मुलगी प्रियदर्शनी धारणीला नर्स होती. तिच्याकडे जायचं, ते कुणाला न विचारता, कुणासाठी न थांबता. एवढंच तिला हवं होतं.

नत्थुजी चाचरत बोलू लागला. डोमाजीभाऊचा सकाळीच फोन आला होता. जोडू नको म्हणाले. अकोल्याचं गिऱ्हाईक येतं आहे, आहे तशी घेऊन जाईल.

इंदूबाईनं दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले. फट दिसेनाशी झाली.

"जोडा," ती म्हणाली.

"भाऊ रागावतीन."

"रागावतीनच. तुमी जोडा."

नत्थुजीनं कडा घासल्या, तुकडे तापवले, मग वेल्डिंगच्या निळ्या उजेडात ते जोडले. बिडाचं ओतीव लोखंड एकदम थंड झालं तर पुन्हा तडकतं. म्हणून त्यानं तो तापलेला ब्रॅकेट राखेच्या घमेल्यात पुरला आणि वरून आणखी राख ओढली, लेकराच्या अंगावर वाकळ ओढावी तशी. आता तो निवेपर्यंत थांबायचं होतं.

तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलवर मागं बसून डोमाजी आला. नत्थुजीनं जयभीम घातला, तो त्यानं अर्धाच घेतला. राखेचं घमेलं त्याला दिसलं की नाही, कोण जाणे; वास मात्र लागला असावा. बायकोशी न बोलता तो नत्थुजीलाच सांगत राहिला. जन्मभर मेळघाटाचे घाट चढलो. मागच्या बाकावर म्हातारी झोपली असली तर तिचा डोळा उघडू दिला नाही. आणि हिनं महिन्यात इंजिन मोडलं. गिऱ्हाईक हसून टायरला पायानं ठोकून पाहत होतं.

मग डोमाजी वळला.

"आता पुरे झालं, प्रियाची माय. धारणीले जायचं त बस हाये."

"बशीची वाट मी लई पायली," इंदूबाई म्हणाली. "तुमच्याच बशीची. रात होये, पोरं झोपून जात, भाकर वाळून जाये. आता नाई पाहत."

"अन् घाटात बंद पाडशीन त?"

"त चालू करीन."

ब्रॅकेट निवला. नत्थुजीनं तो बसवला, नट कसले आणि म्हणाला, आता एक चांगला झटका द्या. जोड टिकला तर टिकला. गिऱ्हाइकालाही तेच पाहायचं होतं.

"मंग तिलेच बसव," डोमाजी हसत म्हणाला. "झटका देण्यात तिच्याएवढं हुशार कोणी नाई."

इंदूबाईनं पदर खोचला आणि स्टिअरिंगवर बसली. चंदा बाजूला बसली.

"काकू, पाय एकदम सोडा. कालच्यासारखा."

इंदूबाईनं मान हलवली. पहिला गिअर टाकला, ओठ दाबले आणि पाय सोडायचं ठरवलं. पण पाय उठला तो हळू, निजल्या लेकराच्या अंगावरून हात काढावा तसा. गाडी आवाज न करता पुढं सरकली.

"झटका, वहिनी," नत्थुजी ओरडला.

तिनं गाडी थांबवली. पुन्हा प्रयत्न केला, या वेळी दात खाऊन. पुन्हा तेच. महिनाभर शिकलेलं पायाला आता विसरता येईना. चंदानं ओढणी तोंडाला लावली.

डोमाजीचं हसणं थांबलं होतं. त्याला गाडीचा पांढरा आकार तेवढा दिसत होता. त्यानं मान कलती करून कान तिकडे लावला. चपलेतला त्याचा डावा पाय जमिनीवर दाबला गेला आणि हळूहळू, तिच्या पायाबरोबर, वर आला. गिऱ्हाइकानं काहीतरी विचारलं. त्यानं ऐकलं नाही.

अंगणाला वळसा घालून इंदूबाईनं गाडी त्याच्यासमोर आणली. इंजिन चालूच ठेवलं.

डोमाजी सवयीनं उजव्या बाजूला गेला आणि त्यानं चाचपत दाराची मूठ धरली. इंदूबाईचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ती हलली नाही. बॉनेटवर हात टेकत तो डाव्या बाजूला आला. तिथं चंदा बसलेली. उठायचा तिचा काही विचार दिसेना. मग त्यानं मागचं दार उघडलं, मान वाकवली आणि आत बसला.

गिऱ्हाईक हेल्मेट हातात घेऊन बघत राहिलं.

"दार नीट लावा," इंदूबाई आरशात पाहत म्हणाली.