ट्रॉल्या आल्या आणि मी गॅलरीत गेले

मित्रांनो, मला कोणी जुनी म्हणतं, कोणी अडगळ म्हणतं. म्हणोत बापडे. मी स्वयंपाकघरातली लाकडी मांडणी आहे. खरं तर ‘होते’ म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही.

माझा जन्म एका छोट्या घरात आणि त्या घरासाठीच झाला. घरमालक छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. ती एकेक उचलून त्यांच्या ओळी लावायच्या आणि मग त्यावरून कागद छापायचा. म्हणून सगळी गल्ली त्यांना खिळेकाका म्हणायची. लग्न होऊन काकू घरात आल्या आणि त्यांनी पहिलं काय मागितलं असेल, तर मला! “दागिना नको, डबे ठेवायला जागा द्या,” म्हणाल्या.

स्वयंपाकघर होतं तरी केवढं? एका बाजूला ओटा, समोर भिंत आणि मधे एक माणूस वळेल एवढी वाट. दोघं आत असली की एकाने पोट आत घेऊन ओट्याला चिकटायचं, तेव्हा दुसरा पुढे सरकणार. जमिनीवर जागा नाही म्हटल्यावर सुताराने मला छतापर्यंत उंच केलं. तेवढ्यानेही भागेना, म्हणून खोल केलं. माझ्या एकेका फळीवर डब्यांच्या दोन दोन रांगा बसत. पुढे रोजचं, मागे अडीनडीचं, ही काकूंची शिस्त. त्या स्टुलावर चढून वरच्या फळीला हात लावत. येणारीजाणारी म्हणे, “एवढंसं स्वयंपाकघर, पण मावतं किती हो!” हे ऐकलं की मी दमट हवेत फुगत नसेन एवढी फुगायचे.

माझा स्वभाव मात्र पहिल्यापासून जळका. लपवून काय करू? घरात फ्रिज आला त्या दिवशी माझ्या खालच्या फळीवरचं दूध, लोणी, उरलंसुरलं सगळं उठून त्याच्या पोटात गेलं. लेक तेव्हा लहान होती. ती उगाचच त्याचं दार उघडायची आणि आतला दिवा लागला की टाळ्या पिटायची. माझ्यासमोर कधी कोणी टाळ्या पिटल्या नव्हत्या. पुढे एकदा तो बिघडला आणि त्याचं दूध नासलं, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

वर्षं गेली. छापखान्यात यंत्रं बदलली, काका घरी बसले. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. मग काकू गेल्या. आणि त्यानंतर काकांची नजर जायला लागली. डोळ्यांच्या मागचा पडदा झिजलाय, यावर ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढं त्यांना कळायचं, बाकी सगळं धुकं. तरी ते स्वतःचा चहा स्वतः करत. माझ्या फळीवरून बोटं फिरवत पुढे जात, “ही साखर... नाही, हा तांदूळ... हां, ही साखर,” असं पुटपुटत. त्या दिवसांत मी त्यांना हवी होते. त्यांचा हात रोज माझ्या अंगावरून फिरायचा. मला आणखी काय हवं होतं?

एके दिवशी पुढच्या डब्यातली साखर संपली. मागच्या रांगेत दुसरा डबा होता. काकांनी हात आत घातला. बाहीत तेलाची बाटली अडकली, खाली पडली आणि फुटली. काका काचा चुकवायला मागे सरकले आणि तेलावरून घसरले. मी इतकी उंच, इतकी मजबूत, पण पडणाऱ्या माणसाला धरता येईल असं माझ्यात काहीच नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या मावशी आवाज ऐकून धावत आल्या. काकांचं मनगट मोडलं होतं.

निरोप मिळताच लेक आली. प्लॅस्टरमधला हात बघून तिने ओठ घट्ट मिटले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विषय काढला.

“बाबा, आता पुरे झालं. माझ्याकडे चला. तिथे तुम्हाला काही म्हणजे काही करावं लागणार नाही.”

“त्याचीच तर भीती वाटते,” काका म्हणाले.

“कसली भीती?”

“तुझ्या घरी मी पाहुणा. पाहुण्याला चहा मिळतो गं, करता येत नाही.”

“आणि इथे परत पडलात तर? या वेळी मनगटावर निभावलं!”

लेक रागारागाने भांडी घासायला लागली. घासता घासता तिचे हात मंदावले. मग तिने पाठमोरीच विचारलं, “बाबा, मी छापखान्यात तुमचा डबा घेऊन यायचे ना, तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलत बोलत खिळे लावायचात. तुम्ही त्या खिळ्यांकडे बघत होतात का?”

“छे! बघत बसलो असतो तर आजचा अंक परवा निघाला असता.”

“मग अक्षर सापडायचं कसं?”

“खिळ्यांच्या पेटीत प्रत्येक अक्षराचं घर ठरलेलं. जे सारखं लागतं ते हाताशी, मोठ्या घरात. क्वचित लागतं ते कडेला. आणि एका घरात एकच अक्षर. दुसरं त्यात पडलं की घोटाळाच.”

लेक ओला हात तसाच ठेवून वळली आणि थेट माझ्याकडे बघू लागली. तिची नजर माझ्या पुढच्या रांगेवरून मागच्या रांगेवर गेली, वरच्या फळीवर गेली. ती नजर मला आवडली नाही. ‘नवरी बघायला यावं आणि धाकटीला पसंत करून जावं’, तसं काहीतरी त्या नजरेत होतं.

“बाबा, स्वयंपाकघरही तुमच्या खिळ्यांसारखं लावून बघू,” ती म्हणाली, आणि चार दिवसांत मिस्त्री टेप घेऊन हजर. त्याने ओटा मापला, खिडकी मापली, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “ही आधी काढा. सगळी वाट हिनेच खाल्लीय. फोडली तर जळण होईल भरपूर.”

जळण! अहो, मी तर तेव्हाच जळत होते.

“फोडायची नाही,” काका म्हणाले. “बाहेर गॅलरीत ठेवा.”

त्यांनी एवढं तरी म्हटलं. पण ‘इथेच राहू दे’ असं म्हटलं नाही, हेही मी ऐकलं.

गॅलरी स्वयंपाकघराला लागूनच होती. मधलं दार उघडं असायचं, त्यामुळे माझ्या सवतींचा गृहप्रवेश मला उघड्या डोळ्यांनी बघावा लागला. ओट्याखाली ट्रॉल्या आल्या. स्टीलच्या, गुळगुळीत, ओढल्या की पूर्ण पोट उघडं करून दाखवणाऱ्या. मला असं उघडं पडायला कधी जमलं नसतं! मागचं पुढे यायचं, काही लपायचं नाही. मिस्त्री त्यांची चाकं इतक्या लाडाने तेल घालून फिरवत होता की मला बघवेना. माझे सांधे करकरले तेव्हा कोणी थेंबभर तेल घातलं होतं का?

“एकदम सायलेंट बसवतो,” तो ऐटीत म्हणाला.

“मुकी नको रे बाबा,” काका म्हणाले. “उघडली, मिटली, मला ऐकू यायला हवं. उघडी राहिली तर नडगीच फुटायची.”

मग मिस्त्रीने चाकांखाली काहीतरी बदल केला आणि ट्रॉल्या खडखडायला लागल्या. घ्या! करकर हे माझं एकटीचं वैशिष्ट्य होतं. तेही त्यांना देऊन टाकलं.

लेक आणि काका दिवसच्या दिवस त्या आखणीत रमले. काकांनी उभं राहून हात पुढे करायचा, बाजूला करायचा, आणि लेकीने तिथे तिथे खडूने खूण करायची. खांद्याच्या वर काही नको, गुडघ्याच्या खाली काही नको. चहा, साखर, मीठ शेगडीशेजारच्या पहिल्या ट्रॉलीत. मिठाचा डबा चौकोनी, साखरेचा गोल, म्हणजे बोटांनाच कळेल. तापलेलं भांडं उचलून लांब न्यायला लागू नये म्हणून शेगडीलगत मोकळी जागा. ओट्याच्या कडेला बारीक पट्टी, म्हणजे वाटी ढकलली गेली तरी खाली येणार नाही. चमच्यांना एक घर, सुऱ्यांना वेगळं. जे वर्षभर लागलं नव्हतं ते लेकीने घरातून काढूनच टाकलं. कळलं का मित्रांनो? जे मी इतकी वर्षं प्राणपणाने सांभाळलं, त्यातलं निम्मं कोणाला नकोच होतं.

सगळं लागल्यावर लेकीने स्वतःच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. “आधी मी चहा करून बघते.”

तिने पाणी पातेल्याबाहेर ओतलं, गाळणी शोधताना लाटणं हातात घेतलं, आणि चहाच्या डब्याऐवजी हळदीचा डबा उघडला. काका खुर्चीत बसून नुसत्या आवाजांवरून सगळं ओळखत होते आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “अगं, शिकाऊ उमेदवार म्हणूनसुद्धा तुला छापखान्यात कोणी ठेवलं नसतं!”

काकू गेल्यापासून ते असे हसले नव्हते. मी तिथे असताना नाही हसले. त्या ट्रॉल्यांसमोर हसले. माझ्या फळ्यांवर आता केरसुणी, झाडांची खुरपी आणि जुन्या चपला होत्या. ओट्यावरून फोडणीचा वास आला तरी मला भडभडून यायचं.

हाताचं प्लॅस्टर निघालं. मनगट मोकळं झाल्यावर लेक म्हणाली, “बाबा, आजचं जेवण तुम्ही एकट्याने करायचं. मी बाहेरच्या खोलीतून उठणार नाही. नीट झालं तर मी एकटी जाते. नाही झालं तर मात्र दोघं जायचं. कबूल?”

“कबूल,” काका म्हणाले. त्यांनी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर केल्या.

त्यांनी भात लावला. बटाटे हाताने चाचपून सोलले. सगळं जिथल्या तिथे होतं. पहिली ट्रॉली खडखडली, मिटली. दुसरी खडखडली, मिटली. एकदाही त्यांना थांबावं लागलं नाही. त्यांच्या हातांना जणू डोळे आले होते. आणि मी दारातून बघत मनात म्हणत होते, एकदा तरी चुकू दे. एकदा तरी त्या टवळ्यांची फजिती होऊ दे, म्हणजे काकांना माझी आठवण येईल.

मित्रांनो, मनात येईल ते बोलू नये असं म्हणतात. ते मनातसुद्धा आणू नये.

त्या सकाळी वरच्या मावशी येऊन गेल्या होत्या. माऊली मदतीला तत्पर. ओटा पुसून, भांडी धुऊन, पुसून आत ठेवून गेल्या. त्यात धारेची सुरी त्यांनी चमच्यांच्या घरात ठेवली होती. काकांनी डाव घ्यायला चमच्यांमध्ये हात घातला आणि “आई गं!” असं ओरडले.

‘बरी जिरली ट्रॉलीची!’ हा माझ्या मनातला पहिला शब्द. आणि मग मी त्यांचं बोट बघितलं. रक्त ओट्यावर टपटप पडत होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. ते दुसऱ्या हाताने नळ शोधत होते आणि घाईत त्यांना नळ सापडत नव्हता. माझी जिरली ती तेव्हा. घाव बसला काकांना आणि आनंद झाला मला? मग माझ्यात आणि जळणात फरक तो काय!

“बाबा!” बाहेर खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

“बस तू!” काका ओरडले. “ठरलंय ना आपलं? बस म्हणतो ना!”

लेक उंबऱ्यापाशी येऊन थांबली. तिने तोंडावर हात दाबून धरला होता, पण पाऊल आत टाकलं नाही. काकांनी एक श्वास घेतला, नळ सापडला. बोट धुतलं, खिशातल्या रुमालाने घट्ट बांधलं. मग ओटा पुसला. मग ती सुरी उलट्या बाजूने उचलून तिच्या घरात ठेवली. “घर चुकलीस बाई,” असं तिला म्हणाले आणि डाव घेऊन भाजी हलवायला लागले. भाजी करपली नाही.

ताटं वाढली गेली. लेकीने भाजीचा घास घेतला.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली.

“मुद्दाम. तुला ब्लडप्रेशर आहे, तुझ्या नवऱ्याने सांगितलंय मला फोनवर.”

ती हसली आणि रडलीही. संध्याकाळच्या गाडीने ती एकटी गेली. जायच्या आधी वर जाऊन मावशींशी बोलली. मावशी रडवेल्या होऊन खाली आल्या, काकांचे हात धरले आणि म्हणाल्या, “मला कळलंच नाही हो.” काका म्हणाले, “तुमचं काय चुकलं? डोळसांना कुठून कळणार?”

त्याला बरेच दिवस झाले. काका अजून स्वतःच्या घरात राहतात, स्वतःचा चहा पितात आणि मावशींनाही पाजतात. माझा मत्सर गेला का? नाही गेला. पाहुणे आले की ट्रॉल्या ओढून ओढून बघतात, “वा!” म्हणतात, आणि गॅलरीत माझ्या फळीवर चपला ठेवून जातात. अंगाचा तिळपापड होतो. पण काकांचं काही चुकावं असं मात्र आता मला वाटत नाही. तेवढी सुधारले.

आता अशा आत्मकथेच्या शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायची पद्धत आहे. मला एक हात रंग द्या, एवढं मागायचं ठरवलं होतं मी. पण राहू दे. त्याऐवजी दुसरं मागते. ज्या घरात कोणाची नजर मंदावली आहे, तिथे गेलात तर मदत जरूर करा. पण उचललेली वस्तू जिथून उचलली तिथेच ठेवा. बोटभरही इकडेतिकडे नको. सुरी घ्यायची असेल तर आधी मोठ्याने सांगा, “काका, मी सुरी घेतेय.” आणि परत ठेवली की तेही सांगा.