टाचेखालचा ठोकळा

मी शवपेट्या करतो. हे कळलं की लोक अर्धं पाऊल मागे सरकतात, जसं काही मी त्यांच्या खांद्यांचं माप घेतोय. घेतच असतो म्हणा, डोळ्यांना ती खोडच लागलीय. पण जिवंत माणसाला टेप कधी लावला नाही.

आमच्या वडिलांचे या वर्कशॉपात दोनच नियम होते. मरण आधी, लाकूड नंतर; जित्या माणसाची पेटी करायची नाही. आणि शेवटचा स्क्रू आवळण्याआधी झाकणावर उजवा हात ठेवून प्रभूची प्रार्थना म्हणायची. पुरती, एक शब्द न गाळता. चाळीस वर्षं मी हे दोन्ही नियम पाळले आणि एका आठवड्यात दोन्ही मोडले. बायकोलाही यातलं अर्धंच ठाऊक आहे. आज सगळं सांगून टाकतो, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

आधी धाकट्याबद्दल. माझा धाकटा भाऊ आमच्या चर्चचा पाळक होता. पाच वर्षांचा असताना त्याच्या अंगावर फळ्यांची चळत घसरली आणि डावा पाय दोन बोटं आखूड राहिला. चळत मी रचली होती. त्याने त्यावरून मला आयुष्यात एकदाही बोल लावला नाही. उलट उपदेशाला उभा राहिला की स्वतःच्याच लंगडण्यावर विनोद करायचा.

वडील गेले त्या दिवसांत मी पिऊन पडलो होतो. कुठे ते विचारू नका, मलाच नीट आठवत नाही. तीन दिवसांनी शुद्धीवर येऊन घरी पोचलो तर सगळं आटोपलेलं. धाकट्याने तयार पेटी आणून वडिलांना पुरलं होतं, प्लास्टिकच्या कड्यांची, कारखान्यातली. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांसाठी पेट्या घडवल्या, त्याच्या वाट्याला ती. मी चर्चच्या आवारात चारचौघांत धाकट्याला नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुझी खूप वाट पाहिली रे." ते मला जास्तच झोंबलं. चूक माझी होती हे मला कळत होतं, म्हणूनच आवाज चढला. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. दोन गल्ल्यांपलीकडे त्याचं घर. बायको चर्चला जायची, मी रविवारी रंधा मारत बसायचो.

मंगळवारी दुपारी एक गिऱ्हाईक आलं. साधा, नीटनेटका माणूस, कचेरीत कामाला असावा तसा. गाठी मारलेली एक सुतळी त्याने माझ्या पुढ्यात ठेवली.

"या मापाची पेटी हवी. शुक्रवारी दुपारपर्यंत."

"कोण गेलं?" मी विचारलं.

"अजून कुणी नाही."

मी सुतळी परत सरकवली. "मग शुक्रवारनंतर या. जित्याची पेटी आम्ही करत नाही."

"हो, ऐकलंय. तुमच्या वडिलांचा नियम." तो अगदी मऊ आवाजात बोलत होता. "त्यांना स्वतःला मात्र तयार मिळाली ना? कड्या प्लास्टिकच्या होत्या म्हणे."

माझं डोकं फिरलं. तो पुढे बोलतच होता. "आणखी एक. आत डाव्या टाचेखाली दोन बोटं उंचीचा ठोकळा बसवा. म्हणजे पावलं सारखी दिसतील."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तुला कळलं नाही का? कळलं. त्याच क्षणी कळलं. सुतळी हातात घेताच कळलं की ही उंची कुणाची. मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण नऊ वर्षं जो राग मी मुरवत ठेवला होता, त्याला कुणीतरी पहिल्यांदाच पाट मांडून वाढत होतं. मी म्हटलं, "ठेवा सुतळी."

तो गेल्यावर बघतो तर दारापासून माझ्या टेबलापर्यंत भुसा पसरलेला, बोटभर जाड. त्यात माझ्याच चपलांचे ठसे होते. त्याचा एकही नव्हता. तरी बुधवारी सकाळी मी करवत उचलली.

बुधवारी फळ्या कापल्या. संध्याकाळी बायको सांगत आली, "अहो, पाळकसाहेब आज मुलांना शिकवता शिकवता खाली बसले. उठवेना त्यांना." घरातही ती त्याला पाळकसाहेबच म्हणायची, माझ्यासमोर भावोजी म्हटलं की मी ताटावरून उठतो म्हणून. मी कापलेल्या फळ्या मोजत राहिलो. गुरुवारी बाजू जोडल्या, सरस लावून शिकंजे आवळले. त्या दिवशी त्याला श्वास पुरेना. छाती दोन्हीकडून आवळल्यासारखी होते म्हणाला, बायकोनेच सांगितलं. डॉक्टरला काही सापडेना. मी उभ्या उभ्या शिकंज्यांकडे बघितलं आणि ते सोडवले नाहीत. सरस वाळायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

शुक्रवारी सकाळी ठोकळा बसवला. कानशीने कडा गोल केल्या, पॉलिश पेपर मारला. इतकं मन लावून मी वर्षभरात काम केलं नव्हतं. बारा वाजता बायको परत आली, पदराने डोळे पुसत.

"त्यांचा पाय दुखायचा थांबला म्हणे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अहो, चला ना. दोन गल्ल्या आहेत."

"त्याने बोलावलंय का?"

"बोलावलं नाही. पण सारखे दाराकडे बघतात."

"बघू दे," मी म्हटलं.

हे दोन शब्द. मला वाटतं, मेल्यावर माझा न्याय व्हायचा तो या दोन शब्दांवरच होईल. ती एकटीच परत गेली.

मी झाकण चढवलं. सात स्क्रू आवळले, आठवा हातात घेतला, तर तो माणूस दारात उभा. कधी आला कळलं नाही.

"सुंदर झालीय," तो म्हणाला. "आता प्रार्थना म्हणा."

मला वाटलं होतं, हा नको म्हणेल. त्याच्यासारख्याला प्रार्थनेचं वावडं असायला हवं, नाही का? तो खुशाल भिंतीला टेकून उभा राहिला. "म्हणा की. मी थांबतो. फक्त पूर्ण म्हणा, वडिलांसारखी."

मी झाकणावर हात ठेवला. पहिल्या ओळी भराभर म्हटल्या, तोंडपाठच त्या. मग ती ओळ आली, जिथे आपण क्षमा मागतो आणि आपणही दुसऱ्यांना केलीय म्हणून सांगतो. तिथे मी थांबलो. खाकरून परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच. कुणी माझा गळा धरला नव्हता, जीभही जड झाली नव्हती. लोक अशा गोष्टी सांगतात तेव्हा तसं काहीतरी सांगतात, पण मी खोटं बोलणार नाही. मला ती ओळ म्हणायचीच नव्हती. म्हटली असती तर नऊ वर्षं मी काय जपून ठेवलं होतं, तेच हातातून गेलं असतं.

"नाही जमत?" त्याने अगदी मायेने विचारलं.

मी आठवा स्क्रू आवळला. तो "नंतर नेतो" म्हणून निघून गेला. माझे हात धुऊन होईपर्यंत चर्चची घंटा वाजायला लागली, एकेक टोल, मधे मोठं अंतर ठेवून. अशी घंटा कशासाठी वाजते हे माझ्या धंद्यातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

तासाभराने भावजय आली. डोळे कोरडे होते तिचे.

"दादा, त्यांनी सांगितलंय, पेटी तुम्हीच करायची. तयार आणू नका, दादाला वेळ लागला तर थांबा, म्हणाले."

मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"दुपारी एकदम उठून बसले. म्हणाले, दादा एका ओळीपाशी अडकलाय, मी त्याच्यातर्फे म्हणतो. पांघरुणावर हात ठेवून पहिल्यापासून प्रार्थना म्हटली. क्षमेच्या ओळीला तुमचं नाव घेतलं. तिथेच दम संपला, पुढच्या ओळी राहिल्या." मग तिने विचारलं, "किती वेळ लागेल पेटीला?"

"तयार आहे," मी म्हटलं. आणि माझ्या तोंडून काय शब्द निघाला ते माझ्याच कानांनी ऐकलं.

अंत्यविधीला स्क्रू काढून पेटी उघडी ठेवली होती. चर्चमधल्या एका म्हाताऱ्या पंचाने तो ठोकळा पाहिला, दोन्ही पावलं सारखी टेकलेली पाहिली, आणि माझा हात धरून रडला. "भावाची माया याला म्हणतात," तो म्हणाला. "वडिलांच्या वेळी तुझ्या हाताला जखम झाली होती, नाहीतर त्यांचीही तूच केली असतीस. पाळकसाहेबांनी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं."

जखम. नऊ वर्षं तो माझ्यासाठी हे सांगत आला होता, आणि मी शिव्या घातल्या तेव्हाही त्याने खरं काय ते उघड केलं नाही. मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

सोमवारी तो माणूस पुन्हा आला. या वेळी उंबऱ्याच्या आत आला नाही. तोंड आंबट झालं होतं त्याचं.

"मला पेटी नको होती," तो म्हणाला, "आणि तुमचा भाऊ तर नकोच होता, तो काय कामाचा. मला तुम्ही हवे होतात. शुक्रवारी दोन गल्ल्या चालून गेला असतात तर मी तिथेच हरलो असतो आणि तो आज जेवून झोपला असता. तुम्ही गेला नाहीत, तर त्यानेच मधे तोंड घातलं. आता तोही गेला आणि तुम्हीही माझ्या हातून गेलात."

"मी कुठे गेलो?" मी विचारलं.

मी त्याची ती गाठींची सुतळी उंबऱ्यावर टाकली. त्याने ती उचलली आणि चालू लागला.

मी परत चर्चला जायला लागलोय. पिणंही सुटलं. बायको म्हणते, देर आये दुरुस्त आये. पण धाकट्यासाठी काही दुरुस्त झालं नाही. रोज दुपारी मी कबरीवर जातो, मातीवर उजवा हात ठेवतो. क्षमेच्या ओळीपर्यंत त्याने म्हटलेलंच आहे. त्याच्या राहिलेल्या ओळी तेवढ्या मी म्हणतो, मोहात पडू नये आणि वाइटापासून सुटका व्हावी म्हणून मागायच्या त्या. मग घरी येतो. वाटेत त्याचं दार लागतं. वर्कशॉपपासून तिथवर दोनशे दहा पावलं आहेत.