आतून कडी

विनीता मिरजेला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. श्रीपादची बदली लखनौला झाली तेव्हा तिने नोकरी सोडली आणि मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, पहिल्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला. श्रीपाद सकाळी ऑफिसला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मधला सगळा दिवस ती आणि अडीच वर्षांची ऋता.

जानेवारीत तर घराबाहेर पडणंच थांबलं. धुक्यात समोरची बिल्डिंग दुपारपर्यंत दिसायची नाही. ऋता सतत पायात. विनीताने बाथरूमचं दार लावलं की ती बाहेर बसून रडायची, उघडं ठेवलं की आत येऊन बादलीत चपला टाकायची. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, एकच तर आहे, आम्ही चार वाढवली. श्रीपादला सांगितलं तर तो थकलेल्या आवाजात विचारायचा, मग काय करूया सांग. ते काही तिला सांगता यायचं नाही. खालच्या श्रीवास्तव भाभी जिन्यात भेटल्या की हसून विचारायच्या, सब ठीक? ती म्हणायची, हाँ भाभी, सब ठीक.

अशाच एका दुपारी तिला समीरचा ब्लॉग सापडला. समीर अकोल्याचा. बायको बँकेत, हा घरी जुळी मुलं सांभाळायचा आणि त्याबद्दल मराठीत लिहायचा. एकदा त्याने लिहिलं होतं, ‘मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर जाऊन बोलावं असं पुस्तकात वाचलं. गेलो. चष्मा गेला.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज मी केलं वरण-भात-लिंबू. त्यांनी खाल्ला खडू.’ विनीता एकटीच इतकी हसली की ऋता खेळणं टाकून तिच्याकडे बघत राहिली. आईला असं हसताना तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पण विनीता मुख्यतः वाचायची त्या पोस्टखालच्या कमेंट. तिथे पालक एकमेकांशी बोलायचे. बिलासपूरची वेदिका नावाची एक बाई, तिचा मुलगा चार वर्षांचा होऊनही बोलत नव्हता, ती सगळ्यांत जास्त विनोद करायची. ‘आज मला रडायचं होतं, पण वेळ मिळाला नाही’ असं कुणी लिहिलं की ती उत्तर द्यायची, ‘कांदे चिरायला घे, दोन्ही कामं होतात.’ विनीताने स्वतः कधी काही लिहिलं नव्हतं. रोज मात्र थोडं वाचायची, आणि त्यासाठी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बाल्कनीत जायची.

त्या सकाळीही तशीच गेली. बाथरूममध्ये बादलीत विजेचा रॉड लावून पाणी तापत ठेवलं होतं. ऋता पलंगावर ठोकळे मांडत होती. विनीताने बाल्कनीचं दार नुसतं लोटलं आणि फोन उघडला. एक पोस्टही वाचून झाली नव्हती तोच मागे खट्ट आवाज झाला. ऋताने दाराची खालची कडी घातली होती.

दाराला काच होती. आत ऋता खूश होऊन टाळ्या वाजवत होती. विनीताने हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं, कडी वर ओढ बाळा. ऋताने ओढली. कडी घट्ट बसली होती. तिने एकदा अजून ओढली आणि मग तिचा त्यातला रस संपला.

विनीताने श्रीपादला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तो मीटिंगमध्ये फोन बंद ठेवतो हे तिला ठाऊक होतं, तरी लावत राहिली. लखनौतल्या दुसऱ्या कुणाचा नंबरच नव्हता. इतक्या महिन्यांत खालच्या भाभींचाही घेतला नव्हता. ओरडायचं तर सगळी कॉलनी गोळा होणार, पोरीला घरात एकटं सोडून ही बाल्कनीत काय करत होती, म्हणणार. तिने समीरच्या पोस्टखाली लिहिलं, ‘मुलीने मला बाल्कनीत कोंडलंय. नवरा फोन घेत नाही.’

समीरचं उत्तर लगेच आलं. ‘माझ्या मुलांनी मला गच्चीवर कोंडलं होतं. तुम्ही एकट्या नाही. आधी सांगा, आत काही चालू आहे का? गॅस, इस्त्री?’

तेव्हा तिला रॉड आठवला.

ऋता पाठ वळवून चालायला लागली होती. विनीताने काचेवर दोन्ही तळहात आपटले आणि मोठ्याने गायला लागली, जे तोंडाला येईल ते. ऋता थांबली, वळली. विनीता नाचायला लागली. धुक्यात, स्वेटरवर गाऊन घातलेली, एका हातात फोन. ऋता हसत काचेशी आली. फोनवर वेदिकाने लिहिलं होतं, ‘ओरडा. लाज नंतर वाटून घ्या.’

विनीता ओरडली. आपल्याच आवाजाने ती दचकली. “भाभी! भाभी, ऊपर आइए!”

श्रीवास्तव भाभी अंगणात आल्या, वर बघितलं. विनीताने नाचता नाचता सांगितलं. भाभी धावत जिना चढल्या आणि जिन्यातल्या मीटरपाशी जाऊन त्यांनी विनीताच्या घराचा मेन स्विच पाडला. मग बाल्कनीखाली येऊन म्हणाल्या, “बिजली बंद कर दी। अब रो लो।”

विनीता फरशीवर बसली आणि खरंच रडली. काचेपलीकडे ऋताही बसली, आईचं बघून तोंड वेडंवाकडं करत. भाभींचे यजमान श्रीपादच्याच ऑफिसात होते. भाभींनी फोन केल्यावर त्यांनी त्याला मीटिंगमधून उठवलं, आणि श्रीपाद किल्ली घेऊन धापा टाकत आला.

तो रागावला नाही. एवढंच विचारलं, “फोन घेऊन बाल्कनीत काय करत होतीस?” ती म्हणाली, कपडे वाळत घालत होते.

रविवारी तिला न विचारता त्याने सुतार बोलावला आणि आतल्या सगळ्या दारांच्या कड्या काढायला लावल्या. बाल्कनीची, बेडरूमची, बाथरूमचीही. काळजीपोटीच केलं होतं. सोमवारी विनीता आंघोळीला गेली, तर ऋता दार ढकलून आत आली. मंगळवारीही. फोन घेऊन कुठे जावं ते आता तिला कळेना. बाल्कनीत पाऊल टाकलं की ती लगेच परत आत यायची.

आठवडाभराने जेवताना ती श्रीपादला म्हणाली, “मला या घरात आतून लावता येईल अशी एक कडी हवी.”

“ऋता परत...”

“उंचावर लाव. तिचा हात पोचणार नाही इतकी. आणि तू घरी असताना रोज थोडा वेळ मी ती लावून बसणार.”

त्याने विचारलं, “आत काय करणार?”

“वाचणार.”

त्याने बाथरूमच्या दाराला वर कडी बसवली, स्वतःच, थोडी वाकडी. संध्याकाळी विनीता पालथ्या बादलीवर बसली. बाहेर ऋता दार बडवत होती, श्रीपाद तिला चिवड्यातले शेंगदाणे दाखवून बोलावत होता. समीरने नवीन लिहिलं होतं, मुलांना भाजी आणायला घेऊन गेल्याचं. विनीताला हसू आवरेना.

दाराबाहेरचा गलका थांबला. “काय झालं?” श्रीपादने विचारलं.

तिने दार उघडलं नाही. आतूनच मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. समीरच्या मुलीने बाजारात एका अनोळखी माणसाला बाबा म्हणून मिठी मारली होती, आणि तो माणूस घाबरून तिला भेंडी देऊन निघून गेला होता.

श्रीपाद हसला नाही. मग दाराला टेकून खाली बसल्याचा आवाज आला.

“पुढे?” तो म्हणाला.