टेबलावरचा त्रेचाळीस

आमच्या टेबलाचा नियम साधा होता. जिचं बूड बाकावर, तिचा आकडा चिठ्ठीवर.

पोर्तुगालमधल्या मातोझिन्युशच्या कारखान्यात आम्ही पाच जणी एका टेबलाशी बसून सार्डिन मासे डब्यात भरतो. दर शुक्रवारी प्रत्येकीचा अर्धा युरो, आणि कोपऱ्यावरच्या पेपर-तंबाखूच्या दुकानात जाऊन लॉटरीची चिठ्ठी भरायचं काम माझं. सात माझा, एकोणीस कुस्तोदियाचा, सव्वीस आणि एकतीस तिच्या दोन बहिणींचे, त्रेचाळीस ग्राझिएलाचा. वर 'तारे' म्हणून आणखी दोन आकडे निवडावे लागतात. त्यावरून भांडणं नकोत म्हणून ते मुकादमीण पिएदादबाईंनी ठरवून दिले. अठरा वर्षांत एकदाच चौदा युरो लागले, त्याचा केक खाल्ला.

जूनमध्ये ग्राझिएला निवृत्त झाली आणि लक्झेंबर्गला लेकीकडे जायला निघाली. अठरा वर्षं माझ्या डाव्या हाताला बसलेली बाई. माझा नवरा गेला त्या वर्षी माझ्या वाटचे निम्मे डबे तिने भरले आणि कुणाला कळू दिलं नाही. शेवटच्या दिवशी एप्रन घडी करता करता म्हणाली, "माझा आकडा काढा. नव्या पोरीचा घाला."

नवी पोर म्हणजे योलांडा. दोन वर्षं कॉलेजात हिशेब शिकून, नोकरी न मिळाल्याने आमच्या वासात येऊन बसलेली. तिने आठ सांगितला. वर आम्हाला शिकवायलाही लागली.

"पन्नासातले पाच आणि बारातले दोन तारे, सगळे जुळायचे म्हणजे किती कठीण, ठाऊक आहे? तेरा कोटी अठ्ठ्याण्णव लाख अडतीस हजार एकशे साठात एक!"

"एवढे आकडे सांगू नकोस बाई, मासे नासतील," कुस्तोदिया म्हणाली.

"बरं, डब्यांत सांगते. आपला कारखाना वर्षाला कोटभर डबे भरतो ना? चौदा वर्षांचे डबे समोर मांडा. त्यातल्या एकात सोन्याची अंगठी. आणि तुम्हाला उघडायला मिळणार एकच डबा."

"मग तू कशाला भरतेस गं?"

"नऊ देशांतले लोक एकाच पातेल्यात पैसे टाकतात आणि पॅरिसला सोडत निघते. अर्धं पातेलं बक्षिसांना जातं. अर्ध्या युरोत त्यात डोकावायला मिळतं, म्हणून!"

पोरगी चुणचुणीत होती, यात वाद नाही. पण शुक्रवारी दुकानात पेन हातात घेतलं आणि आठवर खूण करायला हात पुढेच जाईना. त्रेचाळीस खोडला की ग्राझिएला खरोखरच गेली, असं काहीतरी वाटलं. मी मुकाट्याने त्रेचाळीसवर फुली मारली, चिठ्ठी पाकिटात कोंबली आणि घरी आले. चार जणींचे पैसे घेऊन मी त्यांना फसवलं होतं, त्याला दुसरं नाव नाही.

शनिवारी सकाळी दुकानात निकाल पाहिला. सात, आठ, एकोणीस, एकतीस आणि कुठलासा अठ्ठेचाळीस. तारे दोन्ही भलतेच. आठ असता तर आमचे चार आकडे जुळले असते, पन्नासेक युरो. माझ्या चिठ्ठीवर जुळले तीन, म्हणजे दहाएक. रक्कम काही मोठी नव्हती, पण मला जेवण गेलं नाही. आता टेबलावर मला कोण विश्वासाने अर्धा युरो देणार?

सोमवारी कुस्तोदिया फाटकातच गळ्यात पडली. "चार आकडे! पोरीचा पायगुण बघ! लिंडा, आज केक तू आणायचा!" मी हो-हो केलं. जेवणाच्या सुट्टीत सांगून टाकायचं ठरवलं.

सुट्टी झाली. कोबीचं सूप आणि मक्याचा पाव पुढे आला, मी घसा खाकरला आणि तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ग्राझिएला. केस नीट बसवलेले, मागे लेकीचं चकचकीत स्वयंपाकघर.

"अगं बायांनो, चार आकडे! मी इथूनही तेच भरले, कुस्तोदियाने पोरीचा आठ कळवला होता ना. सोडत एकच ना! चोपन्न युरो लागले. तुमच्याकडेही तेवढेच असणार."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाकीट उघडून चिठ्ठी टेबलावर ठेवली.

योलांडाने ती उचलली. "इथे आठ नाही. त्रेचाळीस आहे."

"लिंडा!" कुस्तोदिया ओरडली. "बोकडासारखी हट्टी आहेस गं! ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं," मी म्हणाले. "चुकले. तुमचे पैसे मी भरून देते. पण मला तो खोडता येईना."

 

फोनमधून ग्राझिएला हळूच म्हणाली, "मी तर आठ भरला. माझा त्रेचाळीस काढून. म्हटलं, निदान दुरून तरी टेबलावरच्या चिठ्ठीत असावं. मीच मला खोडलं गं, लिंडा. फार रडू आलं होतं तेव्हा."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. कुस्तोदियाने माझ्या पाठीत सणसणीत धपका घातला आणि पाव मोडून माझ्या हातात दिला. योलांडा बाकावर जरा सरकली. माझ्या डाव्या हाताला जागा झाली, तिथे तिने तेलाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला.

"बसा," ती फोनला म्हणाली. "सूप गार होतंय."

ग्राझिएलाने तिकडे खुर्ची ओढली.