रोग पिणारा हौद

"बुडव हात! आणखीन खोल बुडव! दुखणं पाण्यात सोड!"

डोहबाबाचा आवाज लाउडस्पीकरमधून साऱ्या बागेवर घरघरत होता. माजरीजवळच्या त्या खाण वसाहतीत रविवार उजाडला की बागेत पाय ठेवायला जागा उरत नसे. वरोऱ्याहून जीपा भरभरून येत, घुग्घुसकडचे कामगार रात्रपाळी संपवून तसेच मोटारसायकलवर येत, अंगावरची कोळशाची भुकटीसुद्धा न झटकता. बागेच्या मधोमध माशांचा हौद, हौदाच्या काठावर व्याघ्रांबराची छपाई असलेल्या सतरंजीवर बाबा, आणि बाबापुढे एक पितळी परात.

प्रकार असा चाले. चेला हौदातलं पाणी आणि बोटभर मासे परातीत काढी. बाबा रोग्याच्या तळव्यावर अंगारा चोळी. रोगी हात परातीत बुडवी. थोड्या वेळात मासे सैरभैर होत, तोंडं उघडून गरगर फिरत आणि पोट वर करून तरंगू लागत.

"गेला!" बाबा ओरडे. "कंबरदुखी माशाच्या पोटात गेली! माई, आता घरी जाऊन नाच!"

माई खरोखरच दोन पावलं नाचून दाखवी. लोक जयजयकार करत. मेलेले मासे चेला मागच्या खड्ड्यात फेकून देई आणि परात धुऊन पुढच्या रोग्यासाठी भरी.

मेंदीच्या कुंपणाशी उभी राहून दामिनी हे सगळं बघत होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. वसाहतीच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हा हौद तिने जिवंत केला होता.

कित्येक वर्षं त्या हौदाची उकिरड्यासारखी गत होती. गुटख्याच्या पुड्या, फुटके बल्ब, कोळशाचा काळा गाळ, भेगांतून उगवलेली रुई. दिवाळीनंतर दामिनीने तो साफ करायचं मनावर घेतलं. गॅरेजवाल्या नूर मोहम्मदने पंप लावून घाण पाणी उपसलं. शेजारच्या कुंताने डोक्यावरून गाळाची घमेली वाहिली. कुंताचा सोनू काठावर बसून रोज एकच विचारायचा, "मासे कधी येतीन?" सोनूला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. धावलं की सांधे ठणकायचे, थंडीने ताप यायचा. इतर पोरं क्रिकेट खेळत, हा नुसता बघत बसे. निदान मासे तरी बघेल, म्हणून दामिनी आणि कुंता त्या गाळात उतरल्या होत्या.

गिलावा झाला, तेवढ्यात सव्वीस जानेवारी आली. बाग समितीचे अध्यक्ष बापूराव हटून बसले की झेंडावंदनानंतर खाणीच्या साहेबांच्याच हस्ते मासे सोडायचे. सिमेंट पुरतं वाळलंही नव्हतं. साहेबांनी मासे सोडले, फोटो काढले, चिवडा खाल्ला. संध्याकाळपर्यंत सगळे मासे उताणे.

दामिनीने पुस्तकं धुंडाळली तेव्हा कारण सापडलं. नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि माशांचे कल्ले पोळतात. पाणी भरायचं, सोडायचं, पुन्हा भरायचं, असं करत चुना धुऊन काढावा लागतो. तिने नूरभाईंचा पंप लावून तेच केलं. पण ती हे सांगत फिरेपर्यंत हौदाकाठी कुठूनसा हा बाबा येऊन टेकला होता.

"मासे मेले नाई," त्याने डोळे मिटून जाहीर केलं. "तुमच्या वसाहतीचं मरण त्याइनं आपल्यावर घेतलं. हा हौद रोग पिते!"

पुढचे मासे जगले ते दामिनीने पाणी बदललं म्हणून. श्रेय गेलं बाबाने हौदाकाठी केलेल्या होमाला. आणि त्या दिवसापासून बाबा परात मांडून बसला.

आज रांगेत कुंता होती. सोनू तिच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, अंग तापाने फणफणत होतं. दामिनी गर्दीत घुसली.

"कुंते, अजून दवाखान्यात नेलं नाई त्याले? गोळ्या देऊन राह्यली का नाई?"

"बाबानं बंद करायले लावल्या," कुंता नजर चुकवत म्हणाली. "माह्या अंगाऱ्यावर गोळी चालत नाई म्हणे. आजची वारी झाली का पुरा बरा होते."

"अन् हे हाताले काय झालं?"

सोनूच्या तळव्याची साल निघाली होती. खाली लालभडक कातडी दिसत होती.

"ते जळजळते. बाबा म्हणते, रोग निघते तवा जळजळतेच."

दामिनी त्या हाताकडे बघत राहिली. दिवाळीला भिंतींना चुना फासला की तिच्या स्वतःच्या हातांची अशीच गत होई. साहेबांचे मासे ज्याने मारले, तोच चुना या नालायकाने राखेत कालवला होता! एका आजारी पोराच्या हातावर तो चोळत होता आणि त्याचं औषध बंद करून बसला होता.

ती धावत समोरच्या क्वार्टरात गेली आणि हळदीचा डबा घेऊन आली. रांगेतली बाई नुकतीच परातीतून हात काढून उठत होती. दामिनीने मूठभर हळद परातीत टाकली. पाणी लालभडक झालं.

"पाहा!" ती ओरडली. "चुन्यात हळद पडली का लाल होते, घरोघरी माहीत हाय! अंगाऱ्यात चुना हाय, त्यानंच मासे मरून राह्यले!"

पुढचे लोक परातीवर वाकून एकमेकांकडे बघू लागले. बाबा मात्र पोचलेला होता. तो ताडकन उभा राहिला.

"रक्त! रोगाचं रक्त! देवीनं आज रोगाचा गळा कापला!"

आणि गर्दीने लोटांगण घातलं. कोणी त्या लाल पाण्यात रुमाल बुडवू लागलं. बापूरावांनी दामिनीचा दंड धरला. "बाई, तुमचं इज्ञान शाळेत शिकवा. इथी नाई."

दामिनी रडायच्या बेतात होती. पुरावा दाखवला की लोक मानतील, असं तिला वाटलं होतं. तिचा पुरावा तर या माणसाने तिच्या देखत खिशात घातला. चेल्याने परात धुतली, हौदाचं ताजं पाणी भरलं, नवे मासे सोडले. "कुंता, आण पोराले!" बाबाने हाक मारली.

दामिनी आडवी झाली. बाबा घरी लावायला अंगाऱ्याची पुडी देई, ती कुंताच्या पदराला बांधलेली तिला ठाऊक होती. "कुंते, पुडी मले दे. अन् सोनूचा हात आज अंगारा न लावता बुडव. एवढंच कर."

"खबरदार!" बाबा गरजला. "देवीचा कोप होईन!"

"काऊन?" नूर मोहम्मद पुढे आला. "बीमारी बच्च्याच्या अंगात हाय ना? का पुडीत हाय?"

कुंता बाबाकडे बघत होती. मग तिने सोनूचा सोललेला तळवा बघितला. पदराची गाठ सोडून तिने पुडी दामिनीच्या हातात दिली, आणि पोराचा कोरा हात अलगद पाण्यात धरला.

मासे पोहत राहिले. एकाने तर सोनूचं बोट चाखून पाहिलं. ग्लानीतही पोरगं किंचित हसलं. लोक माना उंचावून वाट बघत राहिले, मासे आपले मजेत फिरत राहिले.

कुंताने हात बाहेर काढला. दामिनीने झाडाला टेकवलेला बागेचा खराटा उचलला, त्याच्या टोकाला पुडीतला अंगारा फासला आणि खराटा परातीत बुडवला. मासे सैरभैर झाले. तोंडं उघडून गरगरले. एकेक करून उताणे पडले.

"बाबा," दामिनी म्हणाली, "या खराट्याले कोणता रोग होता?"

मग रांगेतली म्हातारी कलाबाई खुदकन हसली. "माह्यावाणी गुडघे दुखत असतीन बिचाऱ्याचे!"

हसू पसरलं. जिथे हळद हरली होती तिथे खराटा जिंकला. बाबा काहीतरी पुटपुटला, या खराट्याने गावाची पापं झाडली वगैरे, पण ते कोणाच्या कानावर गेलं नाही.

"मंग तुम्हीच हात बुडवा न, महाराज," कोणीतरी ओरडलं. "तुम्ही त शुद्ध हा!"

बाबाने दोन्ही हात शालीत लपवले. नूर मोहम्मदने अंगाऱ्याचा डबा उलटा केला. राखेतून चुन्याचे पांढरे खडे सतरंजीवर पडले. चेला केव्हाच पसार झाला होता. काही तरुण बाबाला मारायला धावले, तेव्हा दामिनीने त्यांना अडवलं आणि पोलिसांना बोलवायला लावलं. "आपल्याले पयलेच संशय होता," असं बापूराव आता ज्याला त्याला सांगत होते. दामिनीने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कुंता हसली नव्हती. ती मटकन खाली बसली होती. "म्हंजे इतके दिवस माह्या पोराले मीच..."

"नंतर रड," दामिनी म्हणाली. "आधी ऊठ." नूर मोहम्मदने जीप सुरू केली होती.

चंद्रपूरच्या दवाखान्यात सोनूला रक्त चढवलं. ताप उतरायला पुष्कळ दिवस गेले. एका दुपारी खाटेशी बसून कुंताने विचारलं, "बाई, खरं सांगा. गोळ्यांनं हा पुरा बरा होईन ना?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! पण दामिनीने खरं तेच सांगितलं. "नाई, कुंते. हा रोग जन्मभराचा हाय. पण गोळ्या घेतल्या, जपलं, वेळेवर दवाखान्यात आणलं, त तो शाळेत जाईन, मोठा होईन."

"बाबा त पुरा बरा करतो म्हणे."

"त्याले म्हणायले काय जाते? त्याले काही द्यायचंच नव्हतं."

कुंता बराच वेळ पोराच्या पट्टी बांधलेल्या हातावरून बोटं फिरवत राहिली. चमत्काराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काही जमलं नाही, तरी एवढं करता येतं: अंगाऱ्याशिवाय हात बुडवून बघायचा. देव असेल तर तो एका प्रश्नाने रागावणार नाही. रागावतो तो भोंदू, कारण त्याचं पोट त्या न विचारलेल्या प्रश्नावर भरतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपल्या तापलेल्या लेकीच्या दंडाला नवा गंडा बांधला होता आणि नर्सने दिलेल्या गोळ्या उशीखाली सारल्या होत्या. कुंताने ते पाहिलं. ती उठली, उशीखालून गोळ्या काढल्या आणि पाण्याचा ग्लास त्या बाईपुढे धरला.

"गंडा राहू दे वाटलं त," ती म्हणाली. "पण गोळी आधी दे. मी नव्हती दिली."