मेजापाशी न उघडलेली मूठ

मी शिशाचा बिल्ला बोलतो आहे, आणि जे मी पाहिलेले नाही ते आधी सांगून टाकतो. ज्या हिवाळ्यापूर्वी कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचे बटाटे जमिनीतच कुजले, त्या हिवाळ्यात मर्साली मॅकरिचीच्या दाराशी काय घडले, हे मी पाहिलेले नाही. शेजारीण फ्लोरी पीठ मागायला आली. पिठाचे पिंप अर्धे भरलेले असताना मर्सालीने पीठ संपल्याचे सांगितले. पंधरवड्यात फ्लोरीची धाकटी मुलगी दगावली. एवढे मी पुढे ऐकले. पीठ मिळते तर मुलगी जगली असती का, हे दोघींनाही ठाऊक नव्हते.

माझा जन्म लोहाराच्या साच्यातला. एका अंगाला आमच्या चर्चच्या मंडळीची आद्याक्षरे, दुसऱ्या अंगाला साल. शोभा अशी नाहीच. वर्षातून एकदा, प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ एका मेजाशी बसून भाकर खाण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी, मंडळीचे पंच माणसाचे आचरण तपासून मला त्याच्या हातावर ठेवत. रविवारी तो मला परत देई आणि मगच मेजाशी बसे. अपात्र माणूस त्या भाकरीबरोबर स्वतःचा दंडही खातो, असे पाळक दरवर्षी बजावत. त्यामुळे टेकडीवरच्या त्या उपासनेला हजार माणसे जमत आणि मेजाशी जेमतेम चाळीस बसत. उरलेल्यांना कोणी नावे ठेवत नसे. उलट, स्वतःला नालायक म्हणवणाऱ्याचा मान वाढे. नम्रताही चारचौघांत मिरवता येते, हे मी तिथे शिकलो.

मर्साली मात्र मिरवत नव्हती, भीत होती. वीस वर्षे तिने बिल्ला मागितला नाही. छातीच्या दुखण्याने ती खंगली, तेव्हा तिचा थोरला भाऊ टॉर्किल, जो पंचांपैकीच एक होता, मला घेऊन तिच्या घरी आला.

“घे. पंचांनी एकमताने दिलाय.”

“पंचांना काय माहीत?”

“सगळं. पिंपात पीठ होतं हे अख्ख्या खाडीला माहीत आहे. तू एकटीच ते गुपित समजून बसलीयस.”

“मग देताच कसा? मी लायक नाही, टॉर्किल.”

“लायक माणसांपुरतंच मेज करायचं, तर सुतार कशाला हवा? एक तिवई पुरे, आणि तीही रिकामीच राहील.”

रविवारी ती मेजापर्यंत गेली. बाकाच्या टोकाला फ्लोरी बसली होती. तिने वर पाहिले आणि सरकून जागा केली. टॉर्किलने मला घेण्यासाठी हात पुढे केला. मर्सालीची बोटे माझ्याभोवती आवळलेलीच राहिली. मंडळी स्तोत्राची पुढची ओळ गात होती. ती मागे वळली आणि गर्दीतून वाट काढत घरी आली.

दुपार कलण्याआधी फ्लोरी आली. तिने रुमालाची गाठ सोडली. आत भाकरीचा तुकडा होता.

“माझ्या वाट्याचा. तोंडात घातला नाही.”

“मेजावरून चोरलास?”

“हो. आता मीही तुझ्याच रांगेत. एकटीच नालायक म्हणून फार मिजास करत होतीस.”

“फ्लोरी, तुझी मुलगी…”

“माझी होती ना? मग तिच्या नावानं तू उपाशी राहू नकोस. माफ केलं असं सांगायला आले नाही, ते मला अजून जमत नाही. भाकर आणलीय, एवढंच.”

ती गेल्यावर मर्सालीने रुमाल चुलीवरच्या फळीवर ठेवला आणि मला झग्याच्या खिशात टाकले.

मंगळवारी टॉर्किल आला तेव्हा ती खुर्चीतच थंड झाली होती. त्याने मला तिच्या खिशातून काढून स्वतःजवळ ठेवले. दफनाच्या दिवशी फ्लोरीने त्याला सगळे सांगितले. “मेजाबाहेर ती नुसती भाकर,” तो म्हणाला. पण पंचांच्या बैठकीत त्याने हा विषय कधी काढला नाही.

पुढे बिल्ल्यांऐवजी छापील कार्डे आली आणि माझी भावंडे वितळवून मासेमारीच्या जाळ्यांची वजने झाली. मी परत गेलो नव्हतो म्हणून वाचलो. आज टॉर्किलच्या नातीच्या शिवणाच्या डब्यात पडून आहे. मी कुणाच्या हाती लागलोच, तर मला कुणाच्या लायकीची खूण समजू नये, एवढी विनंती. पंचांना आचरण दिसे. मला तळहात कळे. त्यापलीकडचे आम्हा कुणालाच कधी कळले नाही.

मंगळवारी फळीवरचा रुमाल रिकामा होता. त्या घरात उंदीरही होते.