दगडाखाली नांगर नव्हता

मी एक जुना नांगर आहे. लगेच बैल शोधायला उठू नका, मित्रांनो. मी शेताचा नव्हे, मचव्याचा नांगर. दोर बांधून मला पाण्यात सोडायचे, म्हणजे मचवा जागचा हलायचा नाही. काळा दगड, वजन मण-सव्वा मण, डोक्याला एक गोल भोक आणि खाली दोन चौकोनी. बोलायला जरा फटकळ आहे, पण कोल्हापूरच्या मातीत इतकी वर्षं काढल्यावर दगडसुद्धा गोड बोलायचं विसरतो.

माझा जन्म कोकणातल्या एका बंदरावरचा. पाचशे वर्षं तरी झाली असतील. बंदराचं नाव विचारू नका. अरब एक नाव घ्यायचे, कोळी दुसरं, फिरंगी तिसरं, आणि तिघंही आपलंच खरं म्हणायचे. माझ्या मचव्याचा नाखवा अरब, सुकाणूवर कोळी, दोरावर हबशी. माल जैन पेढीचा. दिव्याचं तेल यहुदी तेल्याचं, जो शनिवारी घाण्याला हात लावायचा नाही. एकाचा शब्द दुसऱ्याला कळला नाही, की तो बोट दाखवून विचारायचा, हे काय? दिवसातून पन्नासदा विचारायचे. विचारण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

एका सकाळी फिरंग्यांची तोफांची जहाजं खाडीच्या तोंडाशी आली. पहिला गोळा जकातीच्या चौकीवर पडला, दुसरा तेल्याच्या घाण्यावर. तेलानं पेट घेतला आणि दुपारपर्यंत पेठ जळून गेली. पळणाऱ्यांना धक्क्यावरच कापलं. पायऱ्यांवरून रक्त पाण्यात उतरत होतं.

माझा नाखवा शरण जाईना. त्याला आणि हबशाला पाठीला पाठ लावून बांधलं, त्यांच्या पायांना मला बांधलं आणि खाडीत ढकललं. बुडणं हे माझं कामच, मित्रांनो. दुसरं काही मला येत नाही. ते दोघं किती वेळ धडपडले, ते मला दोरातून कळत होतं. मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

ओहोटीला पेढीवरच्या माणसांनी दोर कापला आणि प्रेतं काढली. जे वाचले ते घाट चढून देशावर निघाले. एका बैलाच्या पाठीवर एकाच बाजूला कापडाचा गठ्ठा होता. तोल साधायला दुसऱ्या बाजूला मला लटकवलं. कुरुंदवाडजवळ, नदीकाठी, त्या बाजूलाही माल मिळाला आणि मला टाकून दिलं. गरज सरो, वैद्य मरो. पुढं कुणा शेतकऱ्यानं मला उचलून बांधावर रोवलं. तेव्हापासून मी हद्दीचा दगड झालो. खालची भोकं मातीत गेली, वरच्या भोकाला शेळ्या बांधायला लागले.

आता अलीकडचं सांगतो. माझ्या एका अंगाला बाळासोचा ऊस, दुसऱ्या अंगाला गुंडूचा. दोघं सख्खे भाऊ. बाळासो थोरला, गुंडू धाकटा. त्यांची आई धोंडुबाई, तिला लेकांसकट सगळं गाव आक्का म्हणतं. वाटणीच्या वेळी बाप चार माणसांत बोलून गेला होता, "थोरल्याचा नांगर जिथवर फिरलाय, तिथवर थोरल्याचं." बाप वारला, आणि नांगर नेमका कुठवर फिरला होता हे कुणाच्या लक्षात नाही. मग माझ्या पलीकडचंही आपलंच म्हणत दोघंही दरसाल वीतभर बांध कोरायला लागले. एका साली बाळासोनं गुंडूच्या डोक्यात खोऱ्याचा दांडा घातला, अकरा टाके पडले. पुढच्या साली गुंडूनं त्याचा बैल कोयत्यानं लंगडा केला. त्या मुक्या जनावरानं कुणाचं काय घोडं मारलं होतं?

आक्का रोज दुपारी माझ्यावर येऊन बसायची. दोघांची भाकरी एकाच पाटीत आणायची. दोघांच्या मध्ये बसलं म्हणजे निदान जेवताना तरी हाणामारी होत नाही, एवढाच तिचा हिशेब. "जमीन जाऊ दे खड्ड्यात," ती माझ्याशी पुटपुटायची, "माझी दोन्ही पोरं जित्ती ऱ्हाऊ देत."

यंदा पुरानं बांध धुपला आणि माझी खालची भोकं उघडी पडली. कोल्हापूरच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी अनुजा नदीकाठचे जुने दगड बघत आमच्या शेतात आली. मला बघून ती मातीत गुडघेच टेकून बसली. रुमालानं माझी भोकं पुसली.

"आजी, हा नांगर आहे," ती आक्काला म्हणाली. "खूप जुना. मी गाडीतनं टेप घेऊन येते, मापं घ्यायला पाहिजेत. तोवर कुणाला हलवू देऊ नका."

पाचशे वर्षांनी मला कुणी माझ्या नावानं हाक मारली, मित्रांनो. मी हरखून गेलो. आणि त्याच नावानं घात केला.

बाळासो उसात पाला काढत होता. त्यानं दोनच शब्द ऐकले, नांगर आणि टेप. कोयता घेऊनच तो बाहेर आला.

"ऐकलंस काय गुंड्या? मोजणीची बाई आलीया. दगडाखाली नांगर घावलाय. थोरल्याचा नांगर हितं, म्हंजे हितवर माझं."

गुंडूनं पहार उचलली. "नांगर ऱ्हायला तर तुझं. फोडतो दगड आन् देतो नदीत टाकून."

बाळासोनं कोयत्याची मूठ त्याच्या कानावर हाणली. कान फाटला. गुंडूनं पहार आडवी फिरवली, बाळासोच्या नडगीचं हाड कडकन वाजलं आणि तो सरीत कोसळला. बंदरात दहा बोलींची माणसं एकमेकांना समजून घ्यायची, आणि इथं एका आईच्या दोन लेकांना आपल्याच बोलीतला एक शब्द उलगडेना. मला तोंड असतं तर बोंब मारली असती.

गुंडू माझ्याकडं वळला. आक्कानं दोन्ही हात माझ्या डोक्यावर पसरले.

"खाली काय बी न्हाय रं. त्या पोरीला इचार की आधी."

"हात काढ, आक्का."

"आधी इचार."

त्यानं विचारलं नाही. पहार खाली आली. माझ्या खांद्याचा टवका उडाला आणि आक्काचा उजवा हात माझ्यावरच चेचला गेला. तिचं रक्त माझ्या वरच्या भोकातून आरपार गळलं.

अनुजा टेप घेऊन धावत आली. तिनं आधी ओढणी फाडून आक्काचा हात बांधला. मग रडत रडत सांगितलं, की हा दगडच नांगर आहे, होडी थांबवायचा. सरीत पडलेला बाळासो म्हणाला, "होडीचा व्हय?"

दवाखान्यात आक्काची तीन बोटं काढली. हवालदारानं विचारलं, कसं झालं? आक्का म्हणाली, "दगड पडला हातावर, सायेब." नडगीचं काय, कानाचं काय? "त्येबी दगडानंच." हवालदारानं तसंच लिहून घेतलं. गुंडू दाराशी उभा होता, आणि त्यानं लिहू दिलं.

आता मी कोल्हापुरात एका संग्रहालयाच्या ओसरीवर आहे. अनुजानं मला इथं आणलं. गेल्या रविवारी आक्का आली होती, गुंडू तिला गाडीवरून घेऊन आला होता. तिनं डावा हात माझ्या फुटक्या खांद्यावर ठेवला.

"तुझ्यावर घातलं बाबा मी. काय करू, पोटचं हाय."

मी तिला कधीच माफ केलं. गुंडू मागं उभा राहून मोबाईल बघत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्यानं शेवटी म्हणायचं असतं, की जुन्या वस्तू जपा. मला नका जपू, मी दगड आहे, मला काही होत नाही. शब्द कळला नाही तर विचारा, लाज वाटली तरी विचारा. आणि तुमच्या हातून कुणाचा हात मोडला, तर 'मी मोडला' म्हणा. तेवढं खोटं आईला बोलायला लावू नका.